पुस्तकं काढून घेऊ नका, त्याचं वाचन अर्धंच झालंय

वाचक ताईंचं पत्र:

"मॅडम, नमस्कार. मी कल्याणला राहते. माझा मोठा मुलगा 16 वर्षांचा आहे, आत्ताच अकरावीला गेलाय. दहावीच्या सुट्टीत त्याने जॅक लंडन ह्या अमेरिकन लेखकाची तीन पुस्तकं लागोपाठ वाचली, 'द कॉल ऑफ द वाइल्ड', 'व्हाइट फँग' आणि 'द सी-वुल्फ'. मोबाईल सोडून वाचतोय म्हणून आम्हाला आनंदच झाला होता. पण आता त्याची भाषाच बदललीय. सारखं सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट. धाकट्याला दमा आहे, त्याला म्हणतो तू जंगलात दोन दिवस पण टिकणार नाहीस. परवा तर कहर झाला. सासरे वॉकर घेऊन चालतात, त्यांना म्हणाला, आबा, निसर्गात असता तर तुम्ही कधीच गेला असता. आबा काही बोलले नाहीत, पण जेवले पण नाहीत. आता 15 ऑगस्टच्या सुट्टीत त्याला एकट्याला हरिश्चंद्रगडावर जायचंय, ते पण नळीच्या वाटेने. स्वतःला टेस्ट करायचंय म्हणतो. माझं बीए मराठीतलं, तेव्हा निसर्गवाद हा शब्द ऐकला होता, पण मला वाटायचं निसर्गवाद म्हणजे बालकवींसारखं काहीतरी. नेटवर वाचलं तर तिथे माणूस म्हणजे परिस्थितीच्या हातातलं बाहुलं वगैरे लिहिलंय. हे असलं मुलांनी वाचावं का? पुस्तकं लपवून ठेवू का? — एक आई"

ताई, पत्र दोनदा वाचलं. आबा जेवले नाहीत तिथे मी थांबलेच थोडा वेळ.

पुस्तकं लपवू नका. लपवलीत की त्याला वाटणार आपल्याला खरं काय ते कळलंय म्हणून घरचे घाबरलेत, आणि 16व्या वर्षी असं वाटायला लागलं की पोरं अजूनच हट्टाला पेटतात. मी 27 वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि ही पुस्तकं वाचून असं बोलणारी मुलं (मुलगेच जास्त, पण मुली पण) मी दर दोन-तीन वर्षांनी बघितली आहेत. तुमचा मुलगा वाईट नाहीये. त्याने पुस्तकातला दात आणि दांडका वाचलाय आणि बाकीचं घाईघाईत उलटलंय, एवढंच झालंय. म्हणून माझं म्हणणं आहे की त्याला अजून वाचू दे, आणि ह्यावेळी तुम्ही पण त्याच्याबरोबर वाचा.

पण आधी 15 ऑगस्टचं, कारण ते तारखेवर येऊन ठेपलंय. एकट्याने, भर पावसात, नळीच्या वाटेने, नाही म्हणजे नाहीच. बेलपाड्यातून वर चढणारी ती नळी म्हणजे मोठमोठ्या दगडधोंड्यांनी भरलेली घळ, उन्हाळ्या-हिवाळ्यात सुद्धा तिथे लोक माहितगार घेऊन आणि ग्रुपने जातात, पावसात त्याच घळीतून पाणी धावतं, दगडांवर शेवाळ, वर धुकं, आणि पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोण नाही. ह्यात तुम्ही आईची काळजी म्हणून बोलू नका, तो ऐकणार नाही. त्याला फक्त विचारा की 'कॉल ऑफ द वाइल्ड'मधल्या हॅलचं काय झालं. त्याने वाचलंय ते. हॅल हा एकोणीस-वीस वर्षांचा तरणाबांड पोरगा, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि सुरा, हातात दांडका, सोबत बहीण आणि तिचा नवरा, 14 कुत्रे, आणि स्लेजवर नको तितकं सामान. कुत्र्यांना किती खाणं लागेल त्याचा हिशोब त्यांनी कागदावर केलेला, जो प्रत्यक्षात कुठेच जुळला नाही. वसंतात नदीवरचा बर्फ आतून पोकळ झालाय, जाऊ नका, असं जॉन थॉर्नटन नावाच्या तिथल्या जाणत्या माणसाने तोंडावर सांगितलं, हॅलने ऐकलं नाही, आणि थोडं पुढे गेल्यावर बर्फाचा अख्खा तुकडा खचला आणि माणसं-कुत्री सगळी पाण्यात गेली. गोष्टीचा नायक असलेला कुत्रा, बक, वाचला कारण तो त्या दिवशी उठलाच नाही, मार खाल्ला तरी उठला नाही. पुस्तकातला सगळ्यात मोठा दांडकेवाला हॅलच आहे, आणि तो बुडतो. हे आपल्या चिरंजीवांच्या नजरेतून कसं सुटलं ते त्यालाच सांगू दे.

आता निसर्गवाद. ताई, तुमचा गोंधळ अगदी बरोबर आहे, चूक त्या शब्दाची आहे. फुलराणीतला निसर्ग वेगळा. हा जो साहित्यातला निसर्गवाद आहे तो फ्रान्समधून आला, एमिल झोला ह्या कादंबरीकाराने 1880 मध्ये त्यावर मोठा निबंध लिहिला आणि त्याची प्रेरणा चक्क एका डॉक्टरच्या पुस्तकातून घेतली, क्लोद बेर्नारच्या 1865 च्या प्रायोगिक वैद्यकावरच्या पुस्तकातून. म्हणजे डॉक्टर जसा शरीराकडे बघतो तसं लेखकाने माणसाकडे बघायचं, त्याचं रक्त काय, वाढला कुठे, खिशात किती पैसे, हवा कशी, भूक किती, आणि ह्या सगळ्याचा दाब पडला की तो काय करतो. देव येऊन वाचवणार नाही, योगायोगाने काका इस्टेट ठेवून जाणार नाही. अमेरिकेत हे स्टीफन क्रेन, फ्रँक नॉरिस, ड्रायझर अशा लेखकांनी उचललं आणि जॅक लंडनने ते बर्फात नेलं. बाहुलं वगैरे जे नेटवर लिहिलंय ते पूर्ण खोटं नाही, पण ते पोरांना सांगायची पद्धत चुकीची आहे. मी वर्गात असं सांगायचे की ह्या गोष्टींमध्ये निसर्ग दुष्ट पण नाही आणि दयाळू पण नाही, त्याला तुम्ही आहात हेच माहीत नाही. एवढं एकदा मनात बसलं ना, की पुढचा प्रश्न आपोआप येतो, मग माझी काळजी कोण घेणार? आणि त्याचं उत्तर ह्या बहुतेक सगळ्या गोष्टींमध्ये दुसरा माणूस असंच येतं. नाहीतर दुसरा कुत्रा.

सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट हे शब्द मुळात डार्विनचे नाहीतच, हे पण त्याला सांगा, ह्या वयात अशा गोष्टी कळलेल्या आवडतात. ते हर्बर्ट स्पेन्सर नावाच्या इंग्रज विचारवंताने 1864 मध्ये वापरले आणि डार्विनने नंतर आपल्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत, 1869 मध्ये घेतले. आणि फिट म्हणजे दंड फुगवलेला असा अर्थ नाहीच तिथे, फिट म्हणजे जिथे आहे तिथल्या परिस्थितीला जुळणारा. आपण मराठीत त्याचं सरळ बळी तो कान पिळी करून टाकतो आणि तिथेच घोळ होतो. 1902 मध्ये क्रपोत्किन नावाच्या रशियन माणसाने, जो सैबेरियात हिंडून आलेला होता, अख्खं पुस्तक लिहिलं की प्राणी एकमेकांना मदत करून किती टिकतात. म्हणजे लंडन लिहीत होता त्याच काळात हा वाद जोरात चालू होता.

आता खुद्द लंडनचं बघा. जुलै 1897 मध्ये, वय 21, हा पोरगा सोनं शोधायला क्लोंडाइकला निघाला, कॅनडाच्या पार वायव्येला. त्याच्या आधीच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथे सोनं सापडलेलं आणि लाखभर माणसं घरदार सोडून निघालेली, त्यातली निम्मी पण पोचली नाहीत. चिलकूट खिंड चढायची, तीही वर्षभराचं सामान पाठीवर, थोडं थोडं करत, त्याच चढाने परत परत. सोबत सावत्र बहिणीचा म्हातारा नवरा होता, तो वाटेतनं परत फिरला. लंडनने मग इतर माणसांबरोबर लाकडाच्या खोपटात हिवाळा काढला आणि त्याला स्कर्वी झाला, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, ताज्या भाजी-फळांवाचून. 21-22 वर्षांचा, अंगापिंडाने मजबूत, बंदरावर आणि जहाजावर कामं केलेला माणूस, आणि त्याला आडवं कशाने केलं तर क जीवनसत्त्व नसल्याने. 1898 च्या जूनमध्ये तो साथीदारांबरोबर छोट्या होडीतून युकॉन नदीने समुद्रापर्यंत आला आणि घरी गेला. सोनं नगण्य. हा अनुभव ज्याच्या अंगावर गेलाय तो माणूस दुबळ्यांना मरू द्या असं इतक्या सहज लिहील का?

(खरं सांगायचं तर लंडनमध्ये दोन्ही होतं. त्याला ताकदीचं आकर्षण होतं, वंशाबद्दलची त्याची काही मतं आज वाचवत नाहीत, आणि 'कॉल ऑफ द वाइल्ड'च्या शेवटी तिथल्या मूळ रहिवाशांचं जे चित्र आहे ते पण नुसतं राक्षसासारखं आहे. मुलाला हे पण दिसू दे. पण हाच माणूस पक्का समाजवादी होता, आणि ज्या 1903 मध्ये बकची गोष्ट आली त्याच वर्षी त्याचं लंडन शहराच्या ईस्ट एंडमधल्या गरिबांवरचं पुस्तक आलं, त्यांच्यात जाऊन, त्यांचे कपडे घालून राहून लिहिलेलं. त्यात त्याने गरिबांना अनफिट म्हणून सोडून दिलेलं नाही, भयानक चिडलाय तो त्यांच्या अवस्थेवर.)

आता मुख्य. एक गोष्ट आहे, 'टू बिल्ड अ फायर', ती त्याने बहुतेक वाचलेली नसावी नाहीतर एकट्याने जायचा विषय निघाला नसता. छोटीच आहे, दोन्ही मिळून एका दुपारचं वाचन. दोन्ही म्हणते कारण ही गोष्ट लंडनने दोनदा लिहिलीय. पहिली 1902 मध्ये, 'द यूथ्स कम्पॅनियन' नावाच्या मुलांच्या आणि घरच्यांच्या साप्ताहिकात. दुसरी 1908 मध्ये 'सेंच्युरी' मासिकात. पहिल्यात टॉम व्हिन्सेंट नावाचा तरुण आहे, कडाक्याच्या थंडीत एकटा निघतो, पाय पाण्यात जातो, शेकोटी पेटवायला धडपडतो, हात भाजून घेतो, पण पेटवतो. वाचतो. हातावरचे डाग आयुष्यभर राहतात आणि मग तो सगळ्यांना सांगत सुटतो की एकट्याने प्रवास करू नका.

सहा वर्षांनी लंडनने तीच गोष्ट पुन्हा घेतली आणि दोन बदल केले. माणसाचं नाव काढून टाकलं, आणि एक कुत्रा आणला. आणि माणूस मेला.

ह्या दुसऱ्या गोष्टीत थंडी उणे 75 फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबात उणे 59 सेल्सियस. माणूस थुंकतो आणि थुंकी खाली पडायच्या आधी हवेतच तडकते. सल्फर क्रीकच्या एका म्हाताऱ्याने त्याला बजावलेलं असतं की उणे 50च्या खाली एकट्याने निघायचं नाही. माणूस मनात हसतो, म्हातारे लोक बायकी असतात म्हणतो. पुढे बर्फाखालच्या झऱ्यात पाय जातो, अर्ध्या नडगीपर्यंत भिजतो, आता शेकोटी पेटवून पाय वाळवला नाही तर संपलं. तो पेटवतो. अगदी व्यवस्थित पेटवतो, बारीक काड्या, मग जाड, सगळं शास्त्रशुद्ध. चूक एकच, शेकोटी स्प्रूसच्या झाडाखाली पेटवलेली, कारण तिथनं काटक्या ओढायला सोपं. आणि प्रत्येक काटकी ओढताना झाड थोडंसं हललेलं. वरच्या फांदीवरचा बर्फ खालच्या फांदीवर, तो त्याच्या खालच्या, आणि मग सगळं धाडकन शेकोटीवर. विझली. त्यानंतर बोटं चालत नाहीत, आगकाड्या वेगळ्या करता येत नाहीत म्हणून तो 70 आगकाड्यांचा अख्खा जुडगा तळव्यांच्या मुळांत धरून एकदम पेटवतो, हाताचं मांस जळतं, त्याचा वास येतो, तरी सोडत नाही, आणि तरीही होत नाही. मग त्याच्या मनात येतं की कुत्र्याला मारून त्याच्या अंगात हात घालावेत. कुत्र्याला पकडतो पण, पण सुरा धरायला बोटंच नाहीत.

हे वाचताना वर्ग शांत व्हायचा. दर वर्षी.

आणि मी दर वर्षी विचारायचे, हा माणूस अनफिट होता का? नाही ना, तो धडधाकट होता, हुशार होता, काटक होता, 70 काड्या हातात जळू देणारा माणूस दुबळा कसा म्हणायचा? त्याच्यात कमी होती ती कल्पनाशक्तीची, हे लंडनने सुरुवातीलाच सांगून टाकलंय, त्याला उणे 75 म्हणजे फक्त एक आकडा वाटला, माणूस किती नाजूक वस्तू आहे हे त्याच्या मनाला शिवलं नाही. आणि त्याच्या शेजारी दुसरा माणूस असता तर दुसऱ्या माणसाच्या बोटांनी काडी पेटली असती. एवढाच फरक. शेवटी झोप येताना त्याला तो म्हातारा आठवतो आणि तो मनातल्या मनात म्हणतो की तुझंच बरोबर होतं. कुत्रा थोडा वेळ वाट बघतो, मग जिथे दुसरे खायला देणारे आणि शेकोटी पेटवणारे असतील तिकडे निघून जातो. तुमच्या मुलाला विचारा की त्या म्हाताऱ्याच्या जागी आपल्या घरात कोण आहे. विचारून गप्प बसा, उत्तर देऊ नका.

शेकोटीवरून एक सांगते. आमच्या कॉलेजचा ट्रेक होता, ऑक्टोबरमधला, परतीच्या पावसाने झोडपलेला. गडावर संध्याकाळी 22 मुलं थंडीने काकडतायत आणि चूल पेटेना. दीड काडेपेटी संपली. आमच्यातले दोन मुलगे चांगले तालमीतले, फुंकून फुंकून डोळे लाल. तेवढ्यात खालच्या वाडीतले एक मामा गुरं शोधत वर आलेले, साठीच्या पुढचे, पायाने जरा अधू. त्यांनी आधी काय केलं असेल तर वर बघितलं. आमची चूल झाडाच्या कडेला होती आणि पानांवरून थेंब थेंब गळत होता, आमच्या कोणाच्या लक्षात आलेलं नाही. चूल चार पावलं सरकवली, खाली दोन चपटे दगड घातले म्हणजे ओली जमीन आच ओढून घेणार नाही, मग उभ्या वाळलेल्या झाडाची मनगटाएवढी फांदी कोयत्याने उभी फोडली, वरून भिजलेली पण आत खडखडीत कोरडी, त्या आतल्या भागाच्या बोटभर लांब ढलप्या काढल्या, त्या उभ्या रचल्या, आणि एका काडीत पेटवली. एका. मी तेव्हा ती गोष्ट दहा वर्षं शिकवत होते आणि तरी मी वर बघितलं नव्हतं. त्या रात्री आमच्यात फिट कोण होतं असं मी मुलांना विचारलं नाही, गरज पडली नाही.

दुसरी गोष्ट द्या क्रेनची, 'द ओपन बोट'. 1897 ची. ही जवळजवळ जशी घडली तशी आहे, 2 जानेवारी 1897 ला क्रेन स्वतः ज्या बोटीवर बातमीदार म्हणून होता ती फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि चार जणांनी छोट्या होडीत 30 तासांच्या आसपास काढले. कप्तान जखमी, आचारी पाणी उपसतोय, आणि इंजिनाला तेल घालणारा बिली आणि बातमीदार आळीपाळीने वल्हवतायत. किनारा दिसतोय, किनाऱ्यावरचा माणूस कोट हलवतोय, तो मदतीला बोलावतोय की नुसता हात हलवतोय तेच कळत नाही. चौघांमध्ये सगळ्यात ताकदवान बिली. शेवटी होडी लाटेत उलटते, सगळे पोहतात, बिली सगळ्यात पुढे, जोरात. आणि मरतो तो बिलीच, किनाऱ्याला लागता लागता. जखमी कप्तान वाचतो, लठ्ठ आचारी वाचतो. खऱ्या घटनेत पण तसंच झालेलं. ह्या गोष्टीवर त्याच्याशी वाद घालू नका, फक्त वाचून झाल्यावर विचारा की तुझ्या हिशोबाने कोण वाचायला हवं होतं.

त्याने वाचलेल्या पुस्तकांत पण परत जायला लावा. बक बर्फात झोपायला कसा शिकला? पहिल्या रात्री तो थंडीने हिंडत राहतो, तंबूत जातो तर हाकलतात, आणि मग त्याच्या पायाखाली काहीतरी वळवळतं, बघतो तर बिली नावाचा कुत्रा बर्फात खड्डा करून गोळा होऊन उबेत पडलाय. बघून शिकला. आणि त्याच्या पंजांना जखमा झाल्या तेव्हा स्लेज हाकणारा फ्राँस्वा रोज रात्री अर्धा तास त्याचे पाय चोळायचा आणि स्वतःच्या बुटांची वरची बाजू कापून त्याने बकला चार छोटे बूट शिवले. एकदा ते घालायचे राहिले तर बक पाठीवर पडून चारही पाय वर करून हलवत राहिला, बुटांशिवाय उठेना. हा तुमच्या मुलाचा आदर्श! रानटी, बलवान वगैरे, आणि बूट पाहिजेत म्हणून अडून बसलेला. मला तर अख्ख्या पुस्तकात ते पान सगळ्यात आवडतं.

'व्हाइट फँग'बद्दल जास्त बोलत नाही, त्याचा शेवटच माया लावलेल्या माणसाच्या अंगणात होतो.

पण 'सी-वुल्फ'वर थांबायला हवं, कारण मला वाटतं तुमच्या मुलाच्या तोंडची भाषा वुल्फ लार्सनची आहे. कप्तान लार्सन, राक्षसी ताकद, भरपूर वाचलेला, आणि म्हणतो की जीवन म्हणजे आंबवणातले जंतू, मोठा छोट्याला खातो, बाकी सगळ्या गप्पा. 16 वर्षांच्या मुलाला असा माणूस भारी वाटणारच, मला पण कॉलेजात वाटलेला. लंडनने पुढे एका पत्रात तक्रार केलीय की त्याला ह्या कादंबरीत सुपरमॅनच्या (सिनेमातला नव्हे, सगळ्यांच्या वर असलेला 'अतिमानव') कल्पनेवर हल्ला करायचा होता आणि ते कोणाला कळलंच नाही. शेवटची प्रकरणं बघा ना. लार्सनला डोकेदुखीचे झटके, मग आंधळा, मग एक बाजू लुळी, मग वाचा जाते. आणि त्याची शेवटपर्यंत शुश्रूषा कोण करतं, तर ज्यांना त्याने छळलं तेच दोघं. त्या अवस्थेत लार्सन आणि वॉकर धरून चालणारे आबा ह्यात काय फरक राहिला? त्याने ती प्रकरणं नक्की भरभर वाचलीत, कारण त्यात मारामारी कमी आहे.

आणि आबांवरून अजून एक गोष्ट आहे, 1901 ची, 'द लॉ ऑफ लाइफ'. ही आबांसमोर काढू नका, तुम्ही आणि मुलगा दोघंच वाचा. उत्तरेकडच्या एका टोळीचा म्हातारा, कोस्कूश, दृष्टी गेलेली. टोळी उपाशी आहे, तिला पुढे जायचंय, म्हाताऱ्याला बर्फात मागे ठेवायचंय, शेजारी थोडी शेकोटी आणि थोडी लाकडं. तो स्वतःला समजावत राहतो की हाच कायदा, सगळ्यांना मरायचं, मी पण माझ्या बापाला असंच ठेवून गेलो होतो. म्हणजे तुमचा मुलगा जे आबांना बोलला तोच कायदा, फक्त इथे तो म्हाताऱ्याच्या तोंडून आहे, आणि ऐकताना कसा लागतो बघा. नात लाकडं गोळा करून गेलीय, पण घाईत, थोडीच. म्हातारा मनात म्हणतो, पोरीने अजून चार आणली असती तर. आणि निघायच्या आधी मुलगा, जो आता टोळीचा प्रमुख आहे, तो परत येतो, बापाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि विचारतो, बरं आहे ना. बाकीच्या म्हाताऱ्यांची मुलं इतकी पण थांबलेली नसतात. एवढ्या कठोर गोष्टीत लंडनने तो हात ठेवलाय. तुमच्या मुलाला त्या ओळीवर थांबवा. पुढे काही बोलायची गरज नाही, आबांकडे त्याचा तो जाईल. लगेच नाही गेला तरी चालेल, दोन-चार दिवस लागतील, जबरदस्तीने माफी मागायला लावू नका, तशी माफी आबांना पण नको असणार.

मराठीतलं पण हवं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' द्या, वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा झगडा आहे, 1983 मध्ये साहित्य अकादमी मिळालेलं, पातळ पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. त्यात माणसाची शिकवण कुठेच चिकटवलेली नाही. लंडनपेक्षा थंड डोक्याने लिहिलंय असं माझं मत.

आता गडाचं. नुसतं नाही म्हणून सोडू नका, त्याच्या टेस्ट करायच्या इच्छेत चूक काही नाही, उलट चांगलंच आहे. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर, पाचनईच्या वाटेने जा म्हणावं, चार-सहा जणांच्या ग्रुपने, त्यात एक तरी अनुभवी मोठा माणूस. ती वाट सोपी आहे आणि गड तोच आहे, कोकणकडा पण तोच. नळीची वाट पुढे दोन वर्षांनी, माहितगाराबरोबर, कोरड्या दिवसांत. आणि डॉक्टरांना विचारून, ते हो म्हणाले तर, धाकट्याला पण सोबत पाठवा. अनुभवी ग्रुपमध्ये सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात आणि बाकीचे त्याच्या वेगाने चालतात, म्हणजे कोणी मागे सुटत नाही. तर धाकटा पुढे, मोठा त्याच्या लगेच मागे, आणि धाकट्याचा इनहेलर मोठ्याच्या सॅकमध्ये, अगदी वरच्या कप्प्यात, चेन उघडली की हाताला लागेल असा.